मुलगा बोटीत राहतो म्हणतोय? आधी जागेचं विचारा

"पोट्टं म्हणते बोट घेतो, आता याले काय म्हणाव?" अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका आईच्या पत्रातलं हे वाक्य. याच अर्थाची पत्रं अकोल्याहून, अमरावतीहून अधूनमधून येत असतात. मुलगा किंवा मुलगी शिकायला इंग्लंडला गेलेली असते, पुढे तिथेच नोकरी लागते, एका खोलीच्या भाड्यात पगाराचा मोठा वाटा जातो. मग एखाद्या रविवारी कालव्याकाठी फिरताना रंगीत, लांबोडकी बोट दिसते. टपावर सायकल, कुंड्या, धुराड्यातून धूर. रात्री घरी फोन येतो.

पत्रांतले बहुतेक प्रश्न किमतीचे असतात. माझ्या मते ते चुकीच्या टोकापासून सुरू होतात. पैसे असले की बोट महिनाभरात मिळते. ती कुठे बांधायची, तिथे किती दिवस राहू देतात आणि तिथून कामावर कसं जायचं, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या मुलाला पहिल्यांदा तोच विचारा. त्याच्याकडे उत्तर असेल तर पुढचं वाचा, नसेल तर हा लेख त्यालाच पाठवा.

ही बोट म्हणजे काय

नॅरोबोट पोलादी असते आणि तिची रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच असते, कारण मध्य इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांवरची लॉकं, म्हणजे बोट वर-खाली करणाऱ्या पाण्याच्या कोठ्या, ७ फूट रुंदीची बांधलेली आहेत. लांबी ३० फुटांपासून ७० फुटांपर्यंत. बहुतेक सगळीकडे फिरायचं असेल तर ५७ फुटांपर्यंतची घ्यावी, कारण उत्तरेकडच्या काही लॉकांत त्याहून लांब बोट मावत नाही. 'वाइडबीम' नावाच्या रुंद बोटी आत ऐसपैस वाटतात, पण ७ फुटी लॉकांतून त्या जात नाहीत. त्यामुळे निम्म्या कालव्यांची दारं त्यांना बंद होतात.

पाणी कोणाचं आहे?

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिथले लोक तिला नुसतं 'ट्रस्ट' म्हणतात, आपणही तसंच म्हणू. पण सगळं पाणी ट्रस्टचं नाही. टेम्स नदीचा मोठा भाग एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे, मँचेस्टरजवळचा ब्रिजवॉटर कालवा खासगी कंपनीचा आहे. लायसन्स त्या त्या मालकाचं लागतं. ट्रस्ट आणि एजन्सी या दोघांच्या पाण्यात वर्षभर फिरायचं तर 'गोल्ड लायसन्स' मिळतं.

ट्रस्टचं लायसन्स मिळायला १९९५ च्या कायद्याप्रमाणे तीन गोष्टी लागतात:

- बोट सेफ्टी सर्टिफिकेट, जे दर ४ वर्षांनी नवं करावं लागतं
- विमा, निदान तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीपुरता तरी
- बोट ठेवायची कायमची जागा. किंवा ती नसेल तर सतत फिरत राहण्याची हमी

पहिल्या दोन गोष्टी पैसे देऊन होतात. तिसरीवर लोक अडकतात.

जागेचे पर्याय

*राहण्याची परवानगी असलेला धक्का.* याला रेसिडेन्शियल मूरिंग म्हणतात. स्थानिक कौन्सिलची परवानगी असलेली ही जागा असते. पत्ता मिळतो, बहुतेक ठिकाणी वीज-पाण्याची जोडणी मिळते, कौन्सिल टॅक्सही लागतो. नोकरी एकाच ठिकाणी असलेल्याला, लहान मूल असलेल्याला हाच पर्याय. अडचण एवढीच की अशा जागा फार कमी आहेत. लंडनबाहेर वर्षाला काही हजार पौंडांत भागतं. लंडनमध्ये जागा मिळालीच तर आकडा ऐकून छोट्या खोलीचं भाडं बरं वाटेल.

*फिरायच्या बोटींचा धक्का.* हा लेझर मूरिंग स्वस्त आणि सहज मिळणारा. बोट ठेवा, सुट्टीत येऊन फिरा, अधूनमधून रात्री झोपा. कायम राहायची परवानगी त्यात नसते. "सगळे राहतात, मालक काही म्हणत नाही," असं मुलगा सांगेल. खरंही असेल. पण कौन्सिलकडे कोणी तक्रार केली की मालक पहिलं तुमच्या मुलाला निघायला सांगेल, आणि करारात तो राहणार नसल्याची त्याची सही असेल.

*जागाच नाही, फिरत राहायचं.* याला कंटिन्युअस क्रूझिंग म्हणतात. बोट घ्यायच्या गप्पा सुरू होतात त्या याच पर्यायाच्या जोरावर, कारण जागेचं भाडं शून्य. सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

कायदा म्हणतो, बोट खरोखर प्रवासासाठी वापरायची आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. 'ठिकाण' म्हणजे बोट बांधायचा खुंटा नव्हे, तो अख्खा परिसर. शंभर यार्ड पुढे सरकवली की नवे १४ दिवस सुरू होत नाहीत. दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे करत राहणंही चालत नाही. बाथजवळच्या एका बोटवाल्याने नेमकं हेच केलं होतं, आणि २०११ साली ब्रिस्टलच्या न्यायालयात निकाल त्याच्याविरुद्ध गेला. वर्षभरात किती अंतर जावं हे कायद्यात लिहिलेलं नाही. पण सगळी हालचाल १५-२० मैलांच्या आतच झाली तर ती पुरेशी मानली जाण्याची शक्यता कमी, अशी ट्रस्टची भूमिका राहिली आहे. त्यांची माणसं काठाने फिरून बोटींचे नंबर टिपून घेतात. हालचाल कमी दिसली तर पुढचं लायसन्स वर्षाऐवजी सहा महिन्यांचं मिळतं, आणि तेवढ्यातही सुधारणा नसेल तर मिळतच नाही.

यातही सूट आहे. इंजिन बिघडलं, कालव्याचं पाणी गोठलं, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येतं. मात्र थांबायच्या आधी ट्रस्टला कळवायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. अपंगत्व असेल तर २०१० च्या समानता कायद्याखाली नियमांत वाजवी सवलत मागण्याचा हक्क आहे; गरोदरपणातही सवलत मागता येते. अनेक गर्दीच्या ठिकाणी उलटं असतं: पाटीवर ४८ तास किंवा ७ दिवस लिहिलेले असतात, तिथे १४ दिवसांचा दाखला देऊ नये.

थोडा हिशेब मांडा. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. तिथले लोक मैल आणि लॉकं यांची बेरीज करून तिला ३ ने भागतात. जेवढं उत्तर येईल तेवढे तास धरतात. लंडन ते बर्मिंगहॅम ग्रँड युनियन कालवा १३७ मैल, १६६ लॉकं: म्हणजे जवळपास १०० तास. एकही लॉक नसतं तरी अकोला-अमरावतीएवढ्या अंतराला दोन दिवस गेले असते. आता विचारा: बाळा, तुझं ऑफिस कुठे आहे?

घरून काम करणाऱ्याला किंवा कालव्याला समांतर रेल्वे असलेल्या पट्ट्यात हिंडणाऱ्याला हे जमतं. एक वर्षाच्या पदवीला गेलेल्या विद्यार्थ्याला जमत नाही. हजेरी, परीक्षा, अर्धवेळ काम आणि दर पंधरवड्याला नवा मुक्काम ही ओढाताण त्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत.

बोट विकत घेताना

इथे सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही. बोटीची मालकी नोंदवणारं सक्तीचं सरकारी दप्तरच नाही. ट्रस्टचं लायसन्स नावावर असणं हा मालकीचा पुरावा होत नाही. म्हणून:

- विकणाऱ्याने ती कोणाकडून, कधी घेतली याच्या पावत्या मागा. साखळी तुटलेली असेल तर का तुटली ते विचारा.
- बोटीवर कर्ज बाकी नाही असं लेखी घ्या.
- स्वतःच्या नावाने विक्रीपत्र करा, त्यात बोटीचा नोंदणी क्रमांक लिहा.
- लायसन्स नव्या मालकाकडे जात नाही, नवं काढावं लागतं. धक्क्याची जागाही सहसा बोटीबरोबर येत नाही. जाहिरातीत 'लंडनमधल्या धक्क्यासह' असं असेल तर धक्क्याच्या मालकाकडून लेखी आल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सर्व्हे करून घ्यायचाच, आणि सर्व्हेअर तुमच्या मुलाने नेमलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाऊंडने पत्र्याची जाडी मोजतात. चांगली बोट बांधताना तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि वरची केबिन ४ मिलिमीटर असते. जाहिरातीत '१०/६/४' दिसेल ते हेच. गंजून तळ किंवा बाजू ४ मिलिमीटरच्या खाली गेली की विमा कंपन्या तोंड फिरवतात. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वितळजोड करावा लागतो, आणि त्याचा खर्च बोटीच्या किमतीकडे बघत नाही. आणखी एक घोळ: सेफ्टी सर्टिफिकेट गॅस, इंधन, वीज, आगीचा धोका बघतं. तळाला भोक पडायला आलंय का, हे ते बघत नाही. सर्टिफिकेट आहे म्हणून सर्व्हे टाळणारे इथेच फसतात.

राहण्याजोगी जुनी बोट साधारण ४० ते ८० हजार पौंडांत मिळते. नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही. बोटीसाठीचं कर्ज थोड्या कंपन्या देतात, महाग देतात, आणि फिरत्या बोटीला द्यायला कां-कूं करतात. घरासारखी किंमत वाढेल अशी आशा ठेवू नका. तळाला दर दोन-तीन वर्षांनी काळा लेप, बॅटऱ्या, इंजिन, विमा, लायसन्स हे चालूच राहतं. ५७ फुटी बोटीचं लायसन्सच वर्षाला हजार पौंडांच्या वर जातं. कायमची जागा नसलेल्यांना एप्रिल २०२४ पासून त्यावर अधिभार आहे. तो दरवर्षी वाढवत २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर नेण्याचं ट्रस्टने जाहीर केलेलं आहे.

भाड्याची बोट: इथे फार जपून

समाजमाध्यमांवर 'लंडनमध्ये बोट भाड्याने' अशा जाहिराती येतात आणि नवी मुलं भुलतात. खासगी लायसन्सवरची बोट राहायला भाड्याने देता येत नाही. त्यासाठी वेगळं लायसन्स, वेगळा विमा आणि जास्त कडक सुरक्षा तपासणी लागते. शिवाय बोटीला घरभाड्याचा कायदा बहुतेक वेळा लागू होत नाही. २००० सालच्या एका निकालात अपील न्यायालयाने धक्क्याला बांधलेल्या हाउसबोटीला 'राहतं घर' मानायला नकार दिला होता. याचा अर्थ, अनामत रकमेला घरासारखं संरक्षण नाही आणि मालकाने उद्या जा म्हटलं तर भांडायला जागा थोडी. लायसन्सचा प्रकार आणि विम्याची प्रत बघितल्याशिवाय एक पौंडही देऊ नये.

लॉकमधून जाताना

खासगी नॅरोबोट चालवायला परवाना लागत नाही. तरी 'आरवायए' या संस्थेचा हेल्म्समन कोर्स एक-दोन दिवसांचा असतो, तो करायलाच सांगा. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे राहायचं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे अंगवळणी पडायला एक दुपार लागते.

खरी भीती लॉकची. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर बोट चढवणारी-उतरवणारी ही दगडी कोठी. विंडलस नावाच्या हँडलने झडपा उघडून ती भरायची किंवा रिकामी करायची. उतरताना वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली दगडाचा एक ओटा असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही; काठावर फक्त पांढरी रेघ मारलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या मागे राहिलं, तर पाणी उतरताना ते ओट्यावर अडकतं, पुढचं टोक खाली जातच राहतं आणि थोड्याच मिनिटांत पाणी आत शिरतं. बोटी बुडतात त्या अशा.

- उतरताना रेघेच्या बरंच पुढे थांबा आणि सुकाणूवरच्या माणसाने रेघेवर नजर ठेवा.
- बोट तिरपी वाटली की खालच्या झडपा ताबडतोब बंद, मग वरच्या हळूहळू उघडा.
- लॉकमध्ये दोर घट्ट बांधून ठेवू नका, हातात सैल धरा.
- काठावरून बोटीवर उडी नाही. ओल्या दगडावर पाय सरकतो आणि खाली पंखा फिरत असतो.

एकट्याने लॉक पार करता येतं. पहिल्या वर्षी करू नये.

बांधणं आणि राहणं

लॉकच्या तोंडाशी, पाण्याच्या नळापाशी, वळणावर, पुलाखाली, बोट वळवायला रुंद केलेल्या जागी बोट बांधायची नाही. खुंट्या काठाच्या कडेला ठोकायच्या. दोर पायवाटेवर आडवा आला तर सायकलवाला पडतो आणि भरपाई विम्यातून जाते. रात्री ८ ते सकाळी ८ इतर बोटींजवळ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही.

आता आपल्या घरांत विचारला जाणारा, पण पत्रात कोणी न लिहिणारा प्रश्न: संडास. अनेक बोटींवर कॅसेट असते, म्हणजे सुमारे २० लिटरची बंद पेटी, जी ट्रस्टच्या ठरलेल्या ठिकाणी स्वतः नेऊन ओतायची. पाणी वापरणाऱ्या आपल्या सवयीने ती दोन माणसांत दोन दिवसांतही भरते. म्हणून निदान दोन जादा कॅसेटी ठेवाव्यात, किंवा पंपाने उपसायची मोठी टाकी असलेली बोट बघावी.

स्वयंपाक सिलिंडरवर होतो. कुकर, तवा, फोडणी सगळं चालतं. मिक्सरला मात्र चांगल्या प्रतीचा इन्व्हर्टर लागतो, आणि हिवाळ्यात सोलर जवळजवळ निजलेला असल्याने बॅटरी जपावी लागते. किराण्याची चिंता नको. लंडनमधल्या कालव्याचा पॅडिंग्टन फाटा अल्पर्टनवरून जातो, तिथल्या ईलिंग रोडवर तूरडाळ, कढीपत्ता मिळतो. साउथॉलही ग्रँड युनियनच्या काठीच आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची. ४५ अंशांत वाढलेल्या आपल्या मुलांना तिथली जानेवारी सोसत नाही. कोळशाची शेगडी पेटवायची आणि वारा येतो म्हणून भिंतीतल्या जाळ्यांत कापड कोंबायचं, हा मोह होतो. त्या जाळ्या जीव वाचवण्यासाठी आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०१९ पासून केबिन असलेल्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे. तो चालू आहे का हे बघायला, फोनवर बोलताना मुलाला त्याचं बटण दाबून वाजवायला सांगा. तुम्हालाही ऐकू येईल.

पत्ता, व्हिसा, दवाखाना

- बीआरपी, म्हणजे निवास परवान्याची कार्डं २०२४ अखेर संपली, आता ई-व्हिसा आहे. त्या खात्यातला पत्ता अद्ययावत ठेवणं मुलाची जबाबदारी. विद्यार्थी असेल तर विद्यापीठाला, नोकरीच्या व्हिसावर असेल तर कंपनीलाही खरा संपर्क पत्ता द्यावा लागतो.
- डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. स्वागतकक्षात अडवलं तर शांतपणे हेच सांगायचं.
- पत्रव्यवहाराला मित्राचं घर किंवा टपाल पुढे पाठवणारी सेवा चालते. पण गाडीच्या विम्यात 'मी इथेच राहतो' असं खोटं लिहिलं तर अपघातानंतर दावा फेटाळला जाऊ शकतो.
- कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, कॉमनवेल्थमुळे, तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. कायम धक्का नसेल तर ज्या भागाशी संबंध आहे त्याचं घोषणापत्र भरायचं.

नोटीस आली तर

नोटिशीकडे दुर्लक्ष केलं की प्रकरण 'सेक्शन ८' पर्यंत, म्हणजे बोट उचलून नेण्यापर्यंत जातं. बोट हेच राहतं घर असेल तर ट्रस्ट सहसा आधी न्यायालयात जातं. तिथे हजर राहायचं. आपण कुठे, कधी थांबलो याची तारीखवार वही आणि फोटो पहिल्या दिवसापासून ठेवले असतील तर अर्धं काम झालेलं असतं. ट्रस्टकडे लेखी तक्रार, तिच्या दोन्ही पायऱ्या संपल्यावर वॉटरवेज ओम्बुड्समन, असा क्रम आहे. फिरत्या बोटवाल्यांची 'नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन' अशा प्रकरणांत मदत करते.

अकोल्याहून पैसे पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, नाही. भेट म्हणून त्यावर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. आई-वडील दोघांच्या स्वतःच्या खात्यांतून, दोघांच्या पॅनवर पाठवलं तर मर्यादा प्रत्येकाची वेगळी धरतात. टीसीएस वाचवायला बोटीचे पैसे 'शिक्षणासाठी' दाखवू नका. तो खोटा जबाब तुमच्या सहीने जातो. बोट स्वतःच्या नावावरही घेऊ नका, नाहीतर दरवर्षी परदेशी मालमत्तेचा रकाना तुमच्या मागे लागेल.

यातलं काहीही करण्याआधी मुलाला सुट्टीतली भाड्याची बोट आठवडाभर घ्यायला लावा, तीही ऑक्टोबरच्या अखेरीस. घड्याळं मागे गेलेली असतात, पाचलाच अंधार पडतो, चिखल असतो. त्या आठवड्यानंतरही बोट घ्यायचीच म्हणाला तर मग धक्का शोधायला लागा. तुम्ही भेटायला जाल ते जून-जुलैत. व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पत्ता विचारतात, तिथे धक्क्याचा किंवा ओळखीच्या घराचा पत्ता लिहा. आणि गुडघे दुखत असतील तर लॉकच्या भिंतीतली लोखंडी शिडी मुलालाच चढू द्या.